जांभळ्यातला लाल

आमच्या पुढच्या खोलीत बरीच वर्षं एक चित्र होतं. वाईचा कृष्णेचा घाट, झिजलेल्या दगडी पायऱ्या, पलीकडे देवळाचं शिखर आणि खालच्या कडेला पायरीवर बसलेली एक पाठमोरी बाई. ती बाई म्हणजे अम्मी. १९८४ च्या मे महिन्यात अब्बांनी ते जलरंगात काढलं.

पाठमोरी का, तर घरात दादी होती. माणसाच्या चेहऱ्याची तसवीर भिंतीवर नको, त्या खोलीत नमाज पढता येत नाही, असं तिचं म्हणणं. अब्बा हायस्कूलमध्ये ड्रॉइंगचे मास्तर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला दरवर्षी पन्नास-साठ मुलं बसवायचे. वर्गात दिवसभर माणसांचे चेहरे शिकवायचे, पण घरात त्यांनी दादीशी कधी वाद घातला नाही. अम्मीला घाटाकडे तोंड करून बसवलं आणि विषय मिटवला. दादीने चित्र जवळून पाहिलं, तोंड नाही याची खात्री करून घेतली आणि मग तिनेच खिळ्याची जागा दाखवली. पश्चिमेच्या खिडकीसमोर. या जागेचं महत्त्व पुढे येईल.

चित्रातली साडी निळी आहे. स्वच्छ, थोडी धुरकट निळी. आम्ही तिन्ही भावंडं हे चित्र बघत मोठी झालो, आम्हाला ती निळीच माहीत.

अम्मी आता ८१ वर्षांची आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत ती विसरायला लागली. गोळी घेतली की नाही हे विसरते, माझ्या मुलीला आपाच्या नावाने हाक मारते, जुम्मा कधी हे दोनदा विचारते. एकदा पाहुणे बसलेले असताना ती चित्राकडे बघून म्हणाली, "ही साडी अशी नव्हती. जामनी होती."

"निळीच आहे अम्मी, समोर तर दिसतेय," भाईजान म्हणाला.

"जामनी होती. मी नेसत होते की तू?"

पाहुणे हसले. पुढे हे वारंवार व्हायला लागलं. भाईजानने स्वतःपुरतं उत्तर शोधलं होतं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यानंतर रंग वेगळे दिसतात. हे खोटं नाही. पिवळी पडलेली जुनी लेन्स निळा-जांभळा उजेड अडवते, ती काढली की जग अचानक निळसर दिसतं. पण मग साडी आणखी निळी दिसायला हवी होती, जांभळी नव्हे. तेव्हा हे कुणालाच सुचलं नाही. साडी काढून दाखवावी म्हटलं तर ती केव्हाच बोहारणीकडे गेलेली. तिच्या बदल्यात आलेलं स्टीलचं पातेलं अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. तेव्हाचे फोटो काळेपांढरे.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, काय काय विसरतात, उदाहरणं द्या. भाईजानने तीन दिली. तिसरं साडीचं होतं. डोळ्यांसमोर निळी साडी असून जांभळी होती म्हणते. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी शेजारीच बसले होते. मी मान डोलावली.

मला जास्त लागतं ते हे, की तोपर्यंत मी चार वर्षं जलरंग शिकत होते. नोकरीतून लवकर मोकळी झाल्यावर अब्बांचे ब्रश काढले होते आणि त्यांच्याकडून लहानपणी जे शिकायचं टाळलं ते इतक्या उशिरा शिकायला बसले होते. ट्यूबांवरचे बारीक अक्षरातले आकडे मला पाठ होते. म्हणजे ज्याला हे कळायला हवं असा घरात एकच माणूस होता, आणि त्याने मान डोलावली.

त्या आकड्यांबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे.

रंगाच्या ट्यूबवर पुढे जे नाव असतं ते फसवं असतं. क्रिमसन, रोझ, मॉव्ह, हे कंपनीला आवडेल ते. खरं नाव मागे असतं. पीआर म्हणजे लाल रंगद्रव्य, पीव्ही म्हणजे जांभळं, पीबी म्हणजे निळं, आणि पुढे एक आकडा. तो आकडा म्हणजे रंगाची जात. त्यावरून तो पारदर्शक आहे की जाड, कागदावर दाणेदार बसतो की सपाट, वाळल्यावर ओल्या ब्रशने उचलता येतो की कागदात मुरून डाग धरतो, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उजेडात किती टिकतो, हे कळतं. घाईत ट्यूब विकत घेणारा हे वाचत नाही. मीही पहिलं वर्षभर वाचलं नव्हतं.

निळ्यांपासून सुरुवात करते, कारण निळे बहुतेक भरवशाचे. अल्ट्रामरीन, पीबी २९, हा सगळ्यांच्या पेटीत असतो. पूर्वी तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दी दगडापासून करत आणि युरोपात तो सोन्याच्या तोलाचा मानत. अल्ट्रामरीन म्हणजे समुद्रापलीकडून आलेला. फ्रान्समध्ये १८२४ साली तो कारखान्यात करून दाखवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचं बक्षीस लागलं, ते १८२८ मध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला मिळालं, आणि बघता बघता तो इतका स्वस्त झाला की कपड्यांना नीळ म्हणून घालू लागले. अम्मी ईदच्या आदल्या रात्री अब्बांच्या पांढऱ्या पायजम्याला ज्या पावडरीची नीळ द्यायची, तीत आणि अब्बांच्या पेटीतल्या निळ्यात जातीचा फरक नव्हता. हा रंग कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतो, वाळल्यावर वाळूसारखे दाणे दिसतात. दगड, संध्याकाळचं आभाळ, लांबचे डोंगर याला त्याच्यासारखा दुसरा नाही. आम्लाने तो मरतो, वर सडक्या अंड्यासारखा वास सोडतो. पण उन्हाला भीत नाही.

कोबाल्ट, पीबी २८, त्याहून सौम्य आणि महाग. १८०२ साली तेनार या फ्रेंच माणसाने काढलेला. ओल्या ब्रशने अलगद उचलता येतो, म्हणून नवशिक्याला माफ करणारा. थॅलो ब्लू, पीबी १५, याच्या अगदी उलट. १९३० च्या दशकातला, डोळे दिपवणारा. कण इतके बारीक की कागदात शिरला तर निघत नाही, आणि मिश्रणात थेंबभर जास्त पडला तर बाकीचे रंग गेलेच. माझ्या एका अख्ख्या महिन्याची चित्रं त्याने खाल्ली आहेत. प्रशियन ब्लू, पीबी २७, बर्लिनचा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, लोखंडापासून होणारा. त्याचा स्वभाव विचित्र आहे. उजेडात थोडा फिका पडतो आणि अंधारात ठेवला की परत येतो. धुण्याच्या सोड्यासारख्या अल्कलीने मात्र तपकिरी पडतो, तो परत येत नाही.

तरीही निळ्यांचं घराणं एकंदर टिकाऊ. लालांचं तसं नाही.

लालात दोन घरं आहेत. एक केशरीकडे झुकणारं, दुसरं जांभळ्याकडे. पहिल्या घरात हिंगूळ, कॅडमियम रेड (पीआर १०८), आणि गावाकडच्या तांबड्या भिंतीचा गेरू, म्हणजे लोखंडाचा गंज, पीआर १०२. गेरू तर गुहांमधल्या चित्रांपासून चालत आलाय, त्याला काही होत नाही. कॅडमियम जाड आहे, खालचं झाकतो, पण उजेडात उभा राहतो. हिंगूळ क्वचित काळवंडतो, पण उडून जात नाही.

दुसऱ्या घरात सगळे देखणे आणि सगळे पळपुटे. लाखेचा लाल, किड्याचा लाल, मंजिष्ठेचा लाल. लाखेचा रंग पाण्यात विरघळतो, म्हणून तो तुरटीपासून केलेल्या पांढऱ्या पुडीवर बसवायचा. या प्रकाराला इंग्रजीत 'लेक' म्हणतात, क्रिमसन लेकमधला लेक, आणि तो शब्द आपल्या लाखेवरूनच गेला. क्रिमसन शब्द अरबी 'किर्मिझ'वरून. त्याच्या मुळाशी फारसीतला 'किर्म', म्हणजे किडा, आणि तो आपल्या कृमीचा सख्खा भाऊ. मराठीतला किरमिजी तिथलाच. नीळ तशीच अरबांबरोबर 'अन्-नील' होऊन पश्चिमेला गेली आणि अ‍ॅनिलीन होऊन रसायनाच्या पुस्तकात बसली. आमच्या घरात अर्धे शब्द मराठी, अर्धे दखनी. हे शब्द कुठून कुठे गेले ते वाचताना मला परकं काही वाटत नाही. असो, हे विषयांतर झालं.

मंजिष्ठेच्या जातीच्या झाडाच्या मुळात असलेलं अलिझरिन जर्मन रसायनतज्ज्ञांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं. तोच अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३. नैसर्गिक किरमिजापेक्षा बरा, पण पातळ लावला की तोही जातो. तेलरंगात थर जाड असतो, तेलाचं कवच असतं. जलरंगात काय असतं? डिंकाच्या पाण्यात तरंगणारे चार कण आणि खाली पांढरा कागद. कण मेले की कागद दिसतो, बाकी काही नाही. ही गोष्ट काही नवी नव्हे. ब्रिटनमध्ये रसेल आणि अ‍ॅबनी या दोघांनी जलरंगांच्या पट्ट्या महिनोन् महिने उजेडात ठेवून १८८८ साली अहवालच दिला होता. नुसता उजेड नव्हे, तर उजेडाबरोबर हवा आणि ओल असली की रंग जातात, हेही त्यांनी दाखवलं.

आता जांभळा. अब्बा वर्गात सांगायचे, जांभळा डब्यातून घ्यायचा नाही, पॅलेटवर बनवायचा. डब्यातला मेलेला असतो, आपण केलेला जिवंत. तेव्हाच्या आमच्या पेट्यांमधला जांभळा खरोखरच शाईसारखा एकसुरी असायचा. पण जांभळा बनवायला कुठलाही लाल चालत नाही. कॅडमियम आणि अल्ट्रामरीन एकत्र करून बघा, चिखल होतो. कारण केशरीकडे झुकणारा लाल निळा उजेड गिळून टाकतो, मग जांभळ्यासाठी उरणार काय? पाहिजे तो दुसऱ्या घरातला लाल, जो हिरवा उजेड गिळतो आणि थोडा निळा सोडतो. म्हणजे किरमिजी. म्हणजे नेमका पळपुटा.

शेकडो वर्षं चित्रकारांची हीच अडचण होती. स्वच्छ जांभळा हवा तर उडणारा लाल घ्या, टिकणारा लाल घ्या तर जांभळा विसरा. व्हॅन गॉगने आर्लमधल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं तेव्हा भावाला पत्रात लिहिलं होतं की भिंती फिक्या जांभळ्या आहेत. आज जगभर ती खोली निळ्या भिंतींची म्हणून ओळखली जाते. त्याने वापरलेला लाल उडाला, निळा राहिला. तयार जांभळे नव्हते असं नाही. कोबाल्ट व्हायोलेट आणि मँगनीज व्हायोलेट (पीव्ही १६) होते, पण दोन्ही दुबळे, रंग चढतच नाही. पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला १८५६ मध्ये मलेरियाचं औषध शोधताना मॉव्ह सापडला, तो कापडाचा रंग. पुढे डायॉक्साझीन, पीव्ही २३ आला. अति जोरदार, डाग धरणारा, उजेडाच्या बाबतीत मध्यम.

सुटका झाली ती क्विनॅक्रिडोनने. १९५८ मध्ये तो बाजारात आला, पुढे मोटारींच्या रंगांपासून चित्रकारांच्या ट्यूबांपर्यंत सगळीकडे गेला. त्यातला पीव्ही १९ मला फार आवडतो. रेणू तोच, पण स्फटिक एका तऱ्हेने रचले गेले तर गुलाबी-लाल, दुसऱ्या तऱ्हेने रचले तर जांभळा. पारदर्शक, निळ्याशी स्वच्छ मिसळणारा आणि उन्हात टिकणारा. १९८४ साली तो जगात होता. आमच्या तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात नव्हता.

तर गेल्या वर्षी रमजानच्या आधी घराला रंग द्यायला काढला, म्हणून भिंतीवरचं सगळं उतरवलं. घाटाच्या चित्राच्या काचेत आतून बुरशीचे ठिपके दिसत होते. मी ते फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने मागचे खिळे उपटले, पुठ्ठा काढला, वरचा माउंट अलगद सोडवला आणि म्हणाला, "मॅडम, हे खाली वेगळा रंग आहे."

साडीचा घोळ चित्राच्या खालच्या कडेपर्यंत गेला होता. माउंटने तिथला बोटभर कागद झाकलेला. चाळीस वर्षं त्या बोटभर जागेला उजेड लागला नव्हता. वरची साडी निळी, आणि रेघ मारल्यासारखी खाली जांभळी. पिकल्या जांभळाची. अल्ट्रामरीनचे दाणे दोन्हीकडे सारखेच दिसत होते, वरही आणि खालीही. त्यांच्या फटींतून जो लाल असायला हवा तो वरून गेला होता. नीट पाहिलं तर आभाळही तसंच. वरच्या कडेला माउंटखाली संध्याकाळ होती आणि खाली साधी दुपार. लहानपणापासून ते चित्र दुपारचं समजत होतो.

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. फ्रेमवाल्याने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं चित्र खराब झालं म्हणून वाईट वाटतंय. "वरून हलका हात मारून देऊ का?" तो म्हणाला. "आमच्याकडे एक पोरगा आहे, मॅच करून देतो." मी नको म्हटलं. मला सांगता आलं नाही नीट, पण वरून लावलेला जांभळा अब्बांचा झाला नसता आणि ती बोटभर पट्टीही मग खोटी वाटली असती.

घरी येऊन फ्रेमशिवायचा कागद अम्मीपुढे ठेवला. भाईजान आणि आपा दोघांना आधीच बोलावून घेतलं होतं. अम्मीने चष्मा लावला, पट्टीवरून बोट फिरवलं. मी बोट फिरवू नको म्हणणार होते, गप्प राहिले.

"मग? काय सांगत होते मी?"

भाईजान काही बोलला नाही. आपाने समजावून सांगायला घेतलं, की अम्मी, उजेडाने रंग उडाला, अब्बांच्या वेळच्या रंगात...

"कळलं," अम्मी म्हणाली. "साडीचा रंग पक्का होता. तुझ्या अब्बांचा कच्चा निघाला." आणि मग इफ्तारला भजी करणार का, असं विचारलं. रमजान सुरू व्हायला चार दिवस होते.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण ही गोष्ट मी ज्यांना सांगितली त्यांना वाटलं, म्हणजे अम्मीला काही झालेलंच नाही. तसं नाही. ती विसरते, आणि या वर्षी आणखी विसरते. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी स्वतः सांगितलं, की साडीचं उदाहरण काढून टाका, ते आमचं चुकलं होतं. त्यांनी हसून खोडलं. म्हणाले, बाकीचं आहेच. बाकीचं होतंच. पण तेवढं एक खोडलेलं मला पाहिजे होतं.

मग मी आमच्या पश्चिमेच्या खिडकीला पट्ट्या लावल्या. माझ्या पेटीतले सगळे लाल, जांभळे आणि निळे, प्रत्येकाचा पातळ हात, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकलेला. आठ महिने ठेवल्या. ऑपेरा नावाचा भडक गुलाबी मिळतो, त्यात चमकणारा डाय असतो. तो पावसाळ्याआधीच ओळखू येईनासा झाला. पीआर ८३ निम्म्यावर आला. डायॉक्साझीन किंचित निळसर झालेला, मला दिसतो, आपाला दिसत नाही. पीव्ही १९ ला ओरखडाही नाही. अल्ट्रामरीन, कोबाल्ट, थॅलो जसेच्या तसे. पीआर ८३ आणि अल्ट्रामरीन मिसळून एक पट्टी केली होती. तिचा झाकलेला भाग अब्बांच्या पट्टीशेजारी धरला तर दोन्ही सारखे दिसतात. त्यांच्या पेटीतल्या क्रिमसनवर आकडा नव्हता, त्यामुळे तोच होता असं म्हणत नाही.

त्यांना हे माहीत होतं का, हा प्रश्न राहतो. ड्रॉइंगचे मास्तर होते, रोज ते चित्र बघायचे, २०११ मध्ये गेले तोवर बघत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत सत्तावीस वर्षांत साडीचा रंग बदलला. इतका हळू की कळला नसेल. की कळला आणि दादीने दाखवलेल्या जागेवरून चित्र हलवायचं जिवावर आलं? अम्मीला विचारलं तर ती म्हणते, "ते कुठे बघत होते चित्राकडे? पेपर वाचत बसायचे."

फ्रेमवाल्याला मी नवा माउंट कापायला सांगितला, खालून बोटभर मोठा, म्हणजे पट्टी दिसेल. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना, तो पट्टा तसाच दिसेल, फिनिशिंग नाही वाटणार. नक्की, म्हटलं. पण पट्टी उघडी पडली म्हणजे तीही आता जाणार. म्हणून चित्र पुढच्या खोलीतून काढून मधल्या बोळात लावलं, जिथे दिवसाही बल्ब लावावा लागतो. भाईजानने वर एक पडदा शिवून घेतलाय, जुन्या ओढणीचा. कुणी आलं की अम्मी काठी टेकत बोळात घेऊन जाते, पडदा बाजूला करते, दाखवते आणि परत सोडते. कधी कधी एकाच पाहुण्याला दोनदा.